दगडाबाईनं काढलेला हरिबा

आटपाडीच्या एसटी स्टँडवर हरिबा सरगर उतरला, तेव्हा चहाच्या गाड्याजवळ उकिडवा बसलेला गुंडा त्याच्याकडं बघून आधी दचकला आणि मग पोट धरून हसायला लागला.

"आरं, तू आत्ता येतोयस व्हय? मग काल तळ्याच्या कामावर कोन हुता? बायकूला चा टाक म्हणत हुतास की!"

हरिबाला काही उमगेना. मुंबईहून दोन गाड्या बदलून तो आला होता. हातात पत्र्याची ट्रंक, अंगावर प्रवासाची धूळ. साल त्र्याहत्तर, चैत्र संपत आलेला. मुंबईला गोदीत पोती उचलायचं काम करून वर्षातनं पंधरा दिवस तो वाडीला यायचा. यंदा दुष्काळानं माणदेश पार होरपळून गेला होता. वाडीतली सगळी माणसं, बायका आणि बापय दोन्ही, पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. हरिबाची बायको तानूबाईही तिथंच होती.

"काल मी बोटीवर पोती चढवत हुतो," हरिबा म्हणाला. "तुला काय चढलीय का सकाळी सकाळी?"

गुंडानं त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. दुपारच्या सुट्टीत बायका भाकरी खाऊन एकीकडं बसतात. तिथं धुळा सरगराची दगडाबाई सोंगं काढते. मुकादम काढते, तलाठी काढते, पाळणा लांबवा म्हणून सांगत फिरणारा सरकारी माणूस काढते. पण बायका सारख्या मागतात ते हरिबाचं सोंग. ते बघायला पलीकडच्या वाडीच्या बायकाही भाकरी तशीच हातात घेऊन पळत येतात.

"म्या काल बांधावरनं लांबनं बघितलं," गुंडा म्हणाला. "आयच्यान सांगतो गड्या, मला वाटलं तूच आलास. हाक मारनार हुतो."

हरिबाची कानशिलं तापली. चहा अर्धा टाकून तो उठला. दोन कोस चालत असताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. गावच्या बाया आपल्याला हसतात, आणि आपली बायको त्यांच्यात बसून ऐकते.

दगडाबाई नात्यानं त्याची लांबची चुलती. पण तिची म्हणून काही आठवण काढावी तर त्याला काही आठवेना. उंच, वाळकी बाई. पुढचा एक दात पडलेला. वाटेत कुणी बापया दिसला की पदर ओढून कडेला उभी राहायची. माणातली लेक. धुळाशी लग्न झाल्यापासून बावीस वर्षं मेंढरांमागं हिंडली. पावसाळा सरला की कृष्णाकाठच्या मळ्यांकडं खाली जायचं, उन्हाळा संपला की परत यायचं. धुळा सहा वर्षांमागं पटकन गेला. लेक दिली होती दहिवडीकडं. आता ती एकटीच एका खोपटात राहायची आणि गरज पडेल तेवढंच बोलायची. अशी बाई सोंगं काढते, हे कुणी सांगितलं असतं तर हरिबानं त्याला वेड्यात काढलं असतं.

तो घरी गेलाच नाही. सरळ तळ्याच्या कामावर गेला. दुपारची सुट्टी झालेली होती. गडी माणसं पलीकडं लिंबाखाली लवंडली होती. बायका अलीकडं, रचलेल्या दगडांच्या सावलीला गोल करून बसल्या होत्या. हरिबानं ट्रंक खाली ठेवली आणि मुरुमाच्या ढिगाआड बसला. अंतर फार नव्हतं. बोललेलं ऐकू येत होतं.

दगडाबाईनं नुकतंच मुकादमाचं सोंग धरलं होतं. काजळानं मिशी काढली नव्हती, की पोटाला चिंध्या बांधल्या नव्हत्या. कासोटा घट्ट मारलेला, डोक्याला कुणाचातरी टॉवेल गुंडाळलेला, एवढंच. पण तिचं पोट तिच्याआधी दोन पावलं पुढं चालत होतं. पाठ आपोआप मागं रेलत होती. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. लिंबाखालून खऱ्या मुकादमाचा, नानासोचा आवाज आला, "ए बायांनो, हळू!" आणि नेमक्या त्याच श्वासात दगडाबाईच्याही तोंडून आलं, "ए बायांनो, हळू!" जणू एकाच घशातनं दोन्हीकडं आवाज फुटला. हसता हसता बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. हरिबालाही हसू फुटलं असतं, पण तेवढ्यात म्हातारी रंगूबाई म्हणाली, "दगडा, आता हरिबा आण गं."

गोंगाट थांबला.

दगडाबाई उठून दहा पावलं लांब गेली आणि पाठमोरी उभी राहिली. काही करत नव्हती. नुसती उभी होती. मग उजवा खांदा हळूहळू खाली आला, डावा वर राहिला. मान थोडी पुढं निघाली. ती वळली, आणि हरिबा चालत आला.

ढिगाआड बसलेल्या हरिबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाठीवर पोतं नसतानाही असल्यासारखी ती टाच आधी टेकत होती. कल्पनेतल्या दारापाशी येऊन ती दोनदा खाकरली. गुडघे न मोडता, कमरेत वाकून तिनं ट्रंक खाली ठेवली. तिथं ट्रंक नव्हती, पण तिचं वजन दिसलं. "बरं हाय न्हवं समदं?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, "चा टाक." मग तिनं मान वर केली आणि छपराच्या वाशांकडं बघत राहिली. एक वासा, दुसरा, तिसरा.

हरिबाला धक्का बसला तो या ठिकाणी. घरी आल्या आल्या आपण छपराकडं बघतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि का बघतो, तेही तिच्या डोळ्यांत त्याला दिसलं. अकरा महिन्यांनी समोर आलेल्या बायकोशी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून तो वासे बघतो. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्याचा हात नकळत स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला, तर समोर तिचाही हात तिच्या खांद्यावर गेलेला होता.

मग तानूबाई उठली.

हरिबाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तानूबाई त्याच्याशी जेवढं बोलली असेल ते सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. हो, न्हाई, वाढू का, आलं. तीच तानूबाई चार बायकांना ओलांडून पुढं आली आणि त्या दुसऱ्या हरिबासमोर उभी राहिली.

"आवं, खाली बगा," ती म्हणाली. "वासं तितंच ऱ्हात्यात."

कुणी हसलं नाही.

"तुमी पंधरा दिस ऱ्हाता आन् जाता. मी वरीसभर मनात धरून ठेवल्यालं तसंच ऱ्हातं. गेल्या उन्हाळ्यात आडातला गाळ काढाय कुनी मिळंना. म्या उतरले. कमरंला कासरा बांधून. निम्म्यात हात सुटला आन् डाव्या कमरंवर आपटले. अजून कळ येती. तुमाला कळवलं न्हाई. आन् दुसरं, निळं लुगडं मला आवडत न्हाई. दरसाल निळंच आनता. येक डाव इचारा तरी."

हरिबानं शेजारच्या ट्रंकेकडं बघितलं. आत निळं लुगडं होतं.

दगडाबाईनं उत्तर दिलं नाही. हरिबानं दिलं नसतं तसंच. आधी तिनं मान बाजूला वळवली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"इचारलंत कवा?"

यावर दगडाबाईनं जे केलं ते हरिबानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. तिनं डोक्याचा टॉवेल काढला, तानूबाईसमोर जमिनीवर बसली आणि तो मांडीवर ठेवला. अवघडून, आपल्याच हातापायांची लाज वाटत असल्यासारखी बसली. खरा हरिबा कधी बसलाच, तर अगदी तसाच बसला असता. ते बघताना त्याचा राग कुठं गेला ते त्याला कळलं नाही. कुणीतरी आपल्या आत शिरून आपल्याहून पुढं गेलंय, असं काहीतरी त्याला वाटलं, आणि तो भान हरपून उभा राहिला.

पायाखालचा मुरूम घसरला. बायकांनी वळून बघितलं. पदर डोक्यावर गेले, दोघी तिघी उठून पळाल्या. तानूबाई पांढरीफटक पडली.

रंगूबाई मात्र जागची हलली नाही. एकदा या हरिबाकडं, एकदा त्या हरिबाकडं बघून ती म्हणाली, "आता गं बया. यातला कुटला घरी न्यायचा, तानू?"

बायका हसल्या आणि हरिबाचा गेलेला राग पुन्हा आला.

"काकी, माजी सोंगं काढता व्हय चारचौघीत?"

दगडाबाई उठली. उठता उठता तिचा खांदा सरळ झाला, पदर डोक्यावर आला. तिच्यातला हरिबा निघून गेला आणि तिथं एक वाळकी विधवा बाई उभी राहिली.

"काढते बाबा," ती म्हणाली. "तुजी बायकू हितं हाय. तू तिचं काढून दाव. जमलं तर मी तुजं पुन्यांदा काढायची न्हाई."

हरिबाला वाटलं, यात काय मोठंसं. मुंबईला गोदीतल्या गड्यांनी गणपतीत नाटक बसवलं होतं, त्यात त्यानं नायिकेचं काम केलं होतं. लुगडं नेसून, गालाला लाली लावून. शिट्ट्या पडल्या होत्या. त्यानं टॉवेलचा पदर घेतला, त्याचं टोक दातात धरलं, कंबर मोडली, बारीक आवाज काढला, "इश्श, धनी, असं काय बगता?" आणि घागर घेतल्यासारखं करून चालून दाखवलं.

पोरीबाळी खिदळल्या. दगडाबाई शांतपणे बघत राहिली.

"ही कोन?" तिनं विचारलं. "ही तानू न्हवं. ही कुटलीच बाई न्हवं. आन् घागर कुटल्या कमरंवर घेतलीस?"

हरिबानं खाली बघितलं. हात डाव्या कमरेवर होता. ती कळ तानूबाईनं आत्ताच, घटकेपूर्वी सांगितली होती.

"ती भाकरी थापताना कुटला पाय मोडून बसती?"

हरिबानं दातातलं पदराचं टोक सोडलं.

"हसताना तोंडावर कुटला हात नेती? उजवा का डावा?"

डोक्यावर टॉवेलचा पदर घेतलेला तो सव्वापाच फुटी हमाल भर उन्हात तसाच उभा राहिला. नऊ वर्षांच्या बायकोची एकही लकब त्याला ठाऊक नव्हती. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणी हसलं नाही. नानासोनं शिट्टी वाजवली, बायका पाट्या उचलून निघाल्या. थोड्या वेळानं हरिबाही एक पाटी घेऊन त्यांच्या ओळीत लागला.

दिवस मावळायला कामावरून घरी जाताना तो सवयीनं पुढं चालत होता. अर्ध्या वाटेत थांबला.

"तू फुडं व्हो," तो म्हणाला.

"म्या?" तानूबाई घाबरली. "का वं?"

"उगंच. चाल."

ती पुढं झाली. तिनं तीन चार वेळा वळून बघितलं, मग चालू लागली. हरिबानं आपली बायको चालताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. डाव्या पायावर भार यायच्या आधी ती इवलंसं थांबत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी तो दगडाबाईच्या खोपटाशी गेला. ती चुलीपुढं बसली होती. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा वास येत होता. हरिबा उंबऱ्याबाहेर बसला आणि त्यानं विचारलं, हे कसं जमतं.

"जमाय काय हाय त्यात?" ती म्हणाली. "बाईमानसाची मान खाली. समोर बापय आला तरी आमाला तेचं तोंड कुटं दिसतंय? पाय दिसत्यात. मी पायापास्नं चढते. पाय बरोबर पडलं का गुडघं येत्यात, गुडघं आलं का पाठ येती. तोंड आपसूक येतं. मग बोलतंय ते मी न्हाई बोलत."

"मग कोन बोलतंय?"

"ते मलाबी ठावं न्हाई रं," दगडाबाई म्हणाली. तिनं भाकरी उलटली. "काल तू ढिगाआड हाईस हे मला माहीत नव्हतं. खाली बसायचं माज्या मनात नव्हतं. तूच बसलास."

हरिबानं आपल्या पायांकडं बघितलं. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "काकी, धुळाकाकाला काढता का कदी?"

तिचा हात थांबला.

"न्हाई येत," ती म्हणाली. "बावीस वर्सं तेच्या मागनं चालले. मेंढरं बघितली, लांडगं बघितलं, वाट बघितली. त्येला बघितलंच न्हाई. मेल्यावर येक दिस वाटलं, कसा चालायचा ह्यो? तर पाय आठवनात. लय आठवून बघितलं. काठी आठवली, घोंगडं आठवलं, पाय न्हाईत. तवापास्नं जो म्होरं येईल तेला बघून ठेवाय लागले. उगंच. कुनाला कवा लागंल, काय सांगावं."

चुलीतलं लाकूड तडकलं. दगडाबाईनं भाकरी काढून त्याच्यापुढं ठेवली आणि ती मोडून खायलाही लावली.

पुढचे बारा दिवस हरिबा तानूबाईबरोबर कामावर जात राहिला. सुट्टी सोडून माती वाहतो म्हणून गडी माणसांनी त्याची टर उडवली. त्यानं ते मनावर घेतलं नाही. तो बघत होता. तानूबाई भाकरी थापताना उजवा पाय मोडून बसते. शेवटची थाप कायम दोनदा मारते. डोक्यावरचं ओझं उतरवलं की आल्या वाटेकडं एकदा बघते. कुणी बघत नाही असं वाटलं की डाव्या कमरेवर मूठ दाबते. एक गोष्ट मात्र त्याला फार उशिरा दिसली. पाणी घेऊन घरात शिरायच्या आधी ती उंबऱ्याशी थांबायची, पदर सारखा करायची, श्वास रोखून घ्यायची आणि मग आत यायची. तो ओट्यावर असला तर ती थांबत नसे. तो आत असला तरच थांबायची. हे कळलं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी चालत आटपाडीला जाऊन त्यानं निळं लुगडं बदलून आणलं. कुठला रंग, हे मात्र तो आधी विचारून गेला होता. तानूबाईनं दारामागून सांगितलं, "डाळिंबी."

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, हरिबा बायकांच्या गोलाच्या कडेला येऊन उभा राहिला. पागोटं काढून त्यानं बाजूला ठेवलं. पदर घेतला नाही, की आवाज बारीक केला नाही. दहा पावलं लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला.

तो वळला तेव्हा डोक्यावर घागर होती. डावा पाय टेकायच्या आधी तो किंचित थांबत होता. दारापर्यंत आला. घागर उतरवली, आल्या वाटेकडं बघितलं. मग उंबऱ्याशी थांबला. हातानं नसलेला पदर सारखा केला. श्वास रोखला.

आणि आत पाऊल टाकलं.

एवढंच होतं. पुढं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. पण तळ्याच्या त्या तापलेल्या खळग्यात साठ सत्तर बायका होत्या आणि कुणाचं पाऊल वाजत नव्हतं. राकट, खांदा पडलेला, दाढीचे खुंट वाढलेला गडी, आणि त्याच्या अंगावरून क्षणभर तानूबाई येऊन गेली होती. एका बाईच्या मांडीवरचं पोर रडायचं थांबून टकामका बघत होतं. तानूबाईनं स्वतःच्या पदराला हात लावला, जणू तो जागेवर आहे की गेला ते बघायला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती थक्क होऊन बघत होती. आपण कुणाला दिसतो, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

सगळ्यांनी दगडाबाईकडं बघितलं. ती अजून हरिबाच्या पायांकडंच बघत होती.

"पाय जमलं," ती शेवटी म्हणाली. "मान न्हाई. तू नुसती खाली घातलीस. तिची खाली असती, पर ती बगत असती."

"व्हय, काकी," हरिबा म्हणाला.

तानूबाई हसली. तोंडावर डावा हात नेऊन.

त्या साली मृगानंतर पाऊस पडला आणि तळ्याचं काम बंद झालं. बायका आपापल्या वाड्यांना गेल्या. पावसाळा सरल्यावर दगडाबाई दिरांच्या मेंढरांबरोबर पुन्हा कृष्णाकाठाला उतरली. पुढं दोन तीन वर्षांनी, तिचं नाव कुणीतरी शहरात, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात सांगितलं. तिथले एक मास्तर मेंढरांच्या तळावर आले आणि आमच्या मंचावर येऊन सोंग दाखवा म्हणाले. लाइट लावू, माणसं खुर्च्यांवर बसतील, टाळ्या वाजवतील. दगडाबाई उसाच्या बांधावर बसून मन लावून ऐकत होती.

"आन् त्यातली कोन उठून बोलनार?" तिनं विचारलं.

मास्तर म्हणाले, "कुणी बोलणार नाही, मावशी. सगळी बघणार."

"मग म्या कुनाचं सोंग काढू, दादा?" असं म्हणून ती उठली आणि चुकलेल्या कोकराच्या मागं निघून गेली. मास्तर परतताना एसटीत बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, त्यांच्याशी बोलत असताना पूर्ण वेळ ती त्यांच्या बुटांकडं बघत होती.